जय-विजयांचा शिधा

या, अशा जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण कान इकडं असू द्या. माझ्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगते. हिच्यात राजा नाही, ऋषी नाही. दोन लांबडी जनावरं आहेत, एक कोंबडीवाला आहे, त्याची बायको आहे आणि मी आहे. हसू आलं तर खुशाल हसा. फक्त मध्येच उठू नका. कीर्तनातून अर्ध्यावर उठून जाणाऱ्याला मी रस्त्यात अजूनही ओळख देत नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी माझे धाकटे दीर, श्रीधर भाऊजी, पुण्याहून मिरजेला आले ते छातीशी एक वेताची टोपली धरून.

"वहिनी, हात पुढं करा."

मला वाटलं आंबा बर्फी. हात पुढं केले, तर टोपलीतून एक हातभर लांब, पिवळट पांढरं काहीतरी सुळ्ळकन माझ्या बाहीत शिरलं आणि पाठीवरून फिरून मानेपाशी बाहेर आलं. मी जे ओरडले, ते ऐकून हे न्हाणीघरातून साबण लावलेल्या तोंडानंच बाहेर आले.

"मुंगूस!" मी म्हणाले.

"फेरेट, वहिनी. परदेशी जनावर. एकदम माणसाळलेलं. हा रॉकी, आणि आत झोपलाय तो टायगर."

भाऊजी पुण्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानात कामाला होते. ते दुकान बसलं. मालकाकडं शेवटच्या दोन महिन्यांचा पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं पगाराऐवजी ही जोडी दिली.

"मालक हुशार म्हणायचा," हे तोंडावरचा साबण पुसत म्हणाले. "हत्ती असता तर तोही तुझ्याच गळ्यात घातला असता."

भाऊजींना नागपूरला नवी नोकरी लागली होती आणि राहायला कंपनीची खोली. तिथं जनावराला मज्जाव. "चारच दिवस सांभाळा वहिनी. मग मी खोली बघतो." जाताना त्यांनी कॅलेंडरच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : धान्य नाही. दूध नाही. साखर नाही. फळ नाही. दर तीन-चार तासांनी खायला हवंच.

"मग खातात काय? हवा?"

भाऊजींनी आधी देवघराकडं पाहिलं आणि मग हळू आवाजात म्हणाले, "मांस."

आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. माझ्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ. यांच्या खाण्याची परदेशी पिशवी मिळते म्हणे, पण तिची किंमत ऐकून हे खुर्चीतच बसले. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्या एका पिशवीच्या पैशांत आमचं महिन्याचं वाणसामान येत होतं.

भाऊजी गेल्यावर मी त्या जनावरांची नावं बदलली. रॉकी-टायगर देवळासमोरच्या घरात शोभत नाहीत. जय आणि विजय ठेवली. वैकुंठाचे द्वारपाल, शापानं राक्षस होऊन जन्माला आले ते. म्हटलं, मांस खातात तो बिचाऱ्यांच्या पूर्वजन्मीचा भोग आहे. आपल्या घरात राहून सुधारतील.

दुसऱ्या दिवशी एकादशी. मी दोघांनाही एकादशी घडवली. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, वर केळ्याची चकती. जयनं खिचडी हुंगली आणि ताटलीतच पाय झाडले. विजय भोळा, त्यानं खाल्ली. द्वादशीच्या सकाळी मी दूधभात कालवला, तोही त्यानं खाल्ला आणि दुपारी माझ्या मांडीवर ओल्या पंच्यासारखा गळून पडला. डोळे उघडे, पण बघत नव्हते.

पिशवीत घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, सुई टोचली आणि मला विचारलं, "काय घातलंत?"

मी सगळं सांगितलं.

"ताई, एकादशी तुमची. याची नाही. भात-साबुदाणा याच्या पोटात वाळूसारखा. असं आणखी आठ दिवस घातलंत तर हा जगणार नाही, आणि दुसराही."

"पण डॉक्टर, त्या परदेशी पिशव्या आम्हाला..."

"पिशव्या कशाला? कोंबडीच्या माना, पाय, पेटे, कलेजीला चिकटून आलेलं हृदय. लोक नेत नाहीत ते सगळं. कलेजी थोडीच, माना रोज, आठवड्याला दोन अंडी. राजासारखे राहतील. नाल्यापलीकडं मारुती खाटकाचं दुकान आहे, त्याला मागा."

मी विजयला घेऊन घरी आले. रामापुढं उभी राहिले आणि म्हणाले, तू पाठवलेस, तूच बघ. राम हसल्यासारखा वाटला. तो नेहमीच तसा वाटतो म्हणा, मूर्तीच तशी आहे.

त्रयोदशीला सकाळी दहा वाजता पदर नाकाला लावून मी त्या दुकानासमोर उभी राहिले. मारुती चाळिशीचा, रुंद, मिशीवाला. ओंडक्यावर सुरा चालला होता. मला बघून तो थांबला.

"ताई, पिठाची गिरणी पलीकडच्या बोळात हाय."

"मला इथंच यायचंय."

त्यानं माझ्या कपाळाकडं पाहिलं, गळ्यातल्या माळेकडं पाहिलं आणि सुरा खाली ठेवला. "कुणी आजारी हाय का घरात? सूप?"

मी जय-विजयांची सगळी कथा सांगितली. एकादशीपाशी आल्यावर दुकानामागच्या गोणपाटाच्या पडद्याआडून कुणीतरी खुदकन हसलं.

"मंडळी हाय आमची. हौसाबाई," मारुती म्हणाला. "हसती. मनावर घिऊ नका. ताई, माना-पाय म्या रोज कुत्र्यांस्नी टाकतो. घिऊन जात जावा. त्याचं काय पैसं न्हाईत."

"फुकट नको."

"आवं, टाकूनच देतो."

"तुम्ही टाका नाहीतर पुरा. चातुर्मासात मी कुणाचं फुकट घेत नाही. काय ते घ्या." मी कनवटीचं सोडलं आणि हातातली नाणी पाहून माझी मलाच लाज वाटली. रोज देऊ म्हटलं असतं तर आठवड्यात घरातलं दूध बंद झालं असतं. ते मारुतीच्याही ध्यानात आलं असणार.

तेवढ्यात पडद्याआडून हाक आली, "इकडं या जरा." मारुती आत गेला. कुजबूज झाली. बाहेर आला तो मिशी पुसत.

"ताई, तुमी रामाच्या देवळात कीर्तनाला बसता न्हवं?"

चातुर्मासात नेर्लेकरबुवांचा मुक्काम आमच्या देवळात असे. रोज संध्याकाळी कीर्तन. मी तिसऱ्या खांबापाशी, पंधरा वर्षं तीच जागा.

"रोज बसते."

"मला ऐकायचं असतंय ओ. पर त्याच वक्ताला हितं गिऱ्हाइकांची झुंबड. तुमी असं करा, संध्याकाळी बुवा सांगतील ते सकाळी हितं मला सांगायचं. तुमचं सांगणं झालं की माझी पुडी तयार. फिटंफाट."

हे मला पटलं. कीर्तन सांगून शिधा घेणं ही तर रीतच आहे. बुवांनाही शिधा मिळतोच की.

असं ते सुरू झालं. रोज दहा वाजता मी नाल्यावरचा लाकडी साकव ओलांडून जायची, दुकानासमोरच्या करंजाच्या बुंध्यापाशी चार हात अंतर ठेवून उभी राहायची आणि आदल्या दिवशीचं कीर्तन सांगायची. पहिल्या दिवशी नुसतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाण्याच्या जागा आल्या, त्या म्हणून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी टाळ्या वाजवून ताल धरला. मारुतीचा सुरा माझ्या तालावर पडायला लागला. मला ते बरं वाटेना, मी लय बदलली, तर त्यानंही बदलली. गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. एक गृहस्थ अर्धा किलोसाठी आले आणि भक्तीचा महिमा ऐकून पाव किलोच घेऊन गेले. पडद्याआडून हौसाबाईचा आवाज आला, "ताई, आवरतं घ्या. धंदा बसंल."

बाई कधी पुढं यायची नाही. पंख काढताना हात आणि जीभ दोन्ही भरभर चालायची तेवढं कळायचं. मी मनात म्हणायची, नवरा किती भाविक आणि बायको किती रुक्ष.

घरी मागच्या ओट्यावर वेगळी फळी, वेगळी कात्री. मी नाकाला पदर, तोंडात नाम, आणि माना-पायांचे तुकडे करायची. जय-विजय दोन पायांवर उभे राहून वाट बघायचे. आठ दिवसांत त्यांच्या अंगावर अशी तकाकी आली की शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुठलं तेल लावता? एकच खोड होती. पोट भरलं की उरलेलं लपवून ठेवायचं. एकदा यांनी छापखान्यात पिशवीतून मुद्रितं काढली, तर त्यांत कोंबडीचा एक अख्खा पाय. मालकांना वाटलं कुणीतरी करणी केली. त्यांनी नारळ फोडला. हे घरी येऊन म्हणाले, "अगं, तुझ्या द्वारपालांना सांग, माझ्या पोटावर पाय देऊ नका."

पंधरा दिवस बरे गेले. मग अवसेच्या आधी तीन दिवस विजयनं कुकरचं रबर कुरतडलं आणि संध्याकाळी ओकाऱ्या काढायला लागला. आमच्या देवळाची घंटा वाजली, लोक निघाले, मी मात्र विजयला मांडीवर घेऊन मागच्या ओट्यावर बसले, बाहेर काय चाललंय याचं भानच नव्हतं. सात-साडेसातला रबराचा तुकडा पडला आणि स्वारी उठून जयच्या शेपटीला चावली. जीव भांड्यात पडला माझा. पण कीर्तन बुडालं होतं.

सकाळी माझ्यापुढं पेच. कीर्तन ऐकलं नाही, तर सांगणार काय? सांगितलं नाही, तर पुडी कुठल्या तोंडानं घेणार? घरात फ्रीज नव्हता, आदल्या दिवशीचं काही शिल्लक नव्हतं. दोघं ओट्यावर उभे राहून माझ्याकडं बघत होते. साकवावरून जाता जाता मी ठरवलं, रचायचं. इतकी वर्षं ऐकतेय, एक आख्यान आपल्याला येऊ नये?

करंजाखाली उभी राहिले. डोळे मिटले.

"एका अरण्यात एक पारधी होता. रोज संध्याकाळी जाळं लावायचा, रोज पाखरं धरायचा. जाळ्यात पाखरू अडकलं की फडफडायचं, आणि त्या फडफडण्यानं जाळ्याचा दोर पारध्याच्या हातांना कापायचा. त्याचे दोन्ही हात जखमांनी भरलेले. एके दिवशी जाळ्यात एक मैना आली. ती फडफडली नाही. पारधी म्हणाला, तू का गं फडफडत नाहीस? मैना म्हणाली, तुला घरी जाऊन चूल पेटवायची आहे ना? मी फडफडले तर तुझे हात कापतील आणि तुला उशीर होईल."

ओंडक्यावरचा सुरा थांबला. मला तिथं थांबायचं होतं खरं. पण सांगणाऱ्याला एकदा चढलं की उतरत नाही.

"पारधी मटकन खाली बसला. म्हणाला, आजवर लोकांनी माझ्या हातात काय आहे तेवढंच पाहिलं. माझे हात कुणी पाहिले नव्हते! रडला, आणि उठून त्यानं जाळं नदीत टाकलं, पिंजऱ्यांची दारं उघडली, आणि पाखरांच्या मागं नाचत नाचत नामघोष करत निघाला..."

डोळे उघडले. मारुती माझ्याकडं नाही, स्वतःच्या हातांकडं बघत होता. पुडी त्यानं मुकाट्यानं दिली. पडद्याआडून त्या दिवशी काहीच आवाज आला नाही. मी मनातून खूश होते. खोटं बोलले याचा सल नव्हता असं नाही, पण त्याहून जास्त वाटलं ते हे की, बाई, तुला येतं की गं!

त्या संध्याकाळीही विजयपाशीच राहिले; म्हटलं, उद्याही रचू. दुसऱ्या दिवशी दहा वाजता गेले, तर दुकानाला फळ्या. परत आले. अवस एका दिवसावर आलेली, दिव्यांची पूजा, म्हणून मी अंगणात चिंच लावून समया घासायला बसले. जय-विजय भुकेनं एकमेकांच्या माना धरत होते. एवढ्यात फाटक धाडकन उघडलं.

बाई उंच, काळीसावळी, हातात काठी. केसांत एक पांढरं पीस.

"तुमीच न्हवं त्या कीर्तनवाल्या?"

आवाजावरून ओळखलं. "हौसाबाई?"

"व्हय, हौसाबाई! काय केलंसा माझ्या मालकाला? काल दुपारी सुरी हिरीत टाकली त्यानं! आज सकाळी पिंजऱ्याची दारं उघडाय बसला. सात कोंबड्या सुटल्या गल्लीतनं, तवर मी काठी घिऊन आडवी झाले. म्हणतोय आता न्हाई मारायचं. उद्या काय हाय ठावं हाय तुमास्नी?"

"दिव्यांची अवस."

"तुमच्यात. आमच्यात गटारी! उद्यापरवा श्रावण लागतोय, म्हयनाभर कोण फिरकत न्हाई, म्हणून लोकं उद्या एका दिसात म्हयन्याचं खात्यात. वरसाची कमाई ती. दीडशे कोंबड्या आणून ठेवल्यात, आणि ह्यो अंघुळ करून, बुक्का लावून वट्यावर बसलाय. उद्या काय इकू मी, टाळ?"

मी हातातली समई खाली ठेवली. मी रचलेल्या कथेनं एका घराची चूल विझत होती, आणि माझ्या ओट्यावर दोन पोटं उपाशी. ती पुडी मिळावी म्हणून तर मी ती कथा रचली होती!

"चला," मी पदर खोचून म्हणाले. "पूर्वरंग झालाय, उत्तररंग राहिलाय. मी पुरा करते."

"काय बी करा, पर त्येला सुरी धराय लावा."

मारुती ओट्यावर मांडी घालून बसला होता. धुतलेलं धोतर, कपाळभर बुक्का, चेहरा शांत. पिंजऱ्यातल्या कोंबड्याही त्याच्याकडं बघत होत्या.

"मारुतीभाऊ," मी करंजाखाली उभी राहून म्हणाले, "काल आख्यान अर्धं राहिलं. पुढं ऐका. पारधी नाचत घरी आला. घरात बायको..."

"व्हय, बायकूला आणा!" हौसाबाई म्हणाली.

"बायको म्हणाली, अहो, पाखरं कुठं आहेत? पोरं उपाशी आहेत. पारधी म्हणाला, मैनेचं बोलणं ऐक. त्यानं सगळं सांगितलं. तेव्हा बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तिनं चुलीवरचा तवा उचलला नि..."

"नि?"

"...नि अंगणात टाकून दिला."

"आवं ताई! तवा कशापायी टाकाय लावताय? घाला त्याच्या टकुऱ्यात!"

मी पुन्हा प्रयत्न केला. पारध्याची म्हातारी आई आणली. तीही नामस्मरणाला बसली. गावचा पाटील आणला पारध्याला जाब विचारायला. त्यानं वाडा दान केला. मी काय करू? माहेरापासून तीस वर्षं ऐकून ऐकून जीभ एकाच वाटेनं जाणारी. ज्याला म्हणून कथेत घालावं तो देवाकडं पळत होता. मारुतीच्या डोळ्यांतून आता धार लागली होती आणि हौसाबाईनं काठी टेकून कपाळ धरलं होतं.

शेवटी मी हात जोडले.

"मारुतीभाऊ, मला क्षमा करा. हे कीर्तन बुवांचं नाही. परवा मी देवळात गेलेच नव्हते. विजय आजारी होता. पुडी मिळावी म्हणून मी मनानं रचलं. सगळं खोटं आहे. मैना नाही, पारधी नाही."

मारुतीनं डोळे पुसले. "ठावं हाय मला."

"काय?"

"परवा कीर्तन झालंच न्हाई, ताई. बुवांचा घसा बसला हुता."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं नाल्यापलीकडं बोट केलं. देवळाच्या कळसाखाली भोंगा होता, बरोबर या दुकानाकडं तोंड केलेला. मी पंधरा वर्षं खांबाला टेकून आत बसणारी. बाहेर कुठवर ऐकू जातं याचा कधी विचारच केला नव्हता.

"रोज शब्द न् शब्द ऐकू येतोय हितं. परवा भोंगा गप हुता."

"म्हणजे रोज मी सांगत होते ते सगळं तुम्ही आदल्या संध्याकाळीच ऐकलेलं होतं? मग मला कशाला सांगायला लावलंत?"

मारुतीनं बायकोकडं पाहिलं. हौसाबाई काठीनं जमीन उकरत होती.

"मीच म्हटलं हुतं," ती म्हणाली. "तुमी फुकट घ्याला तयार न्हाई. पैसं काढलंसा तर मुठीत धा रुपयं. म्या पडद्यातनं बघितलं. म्हटलं ही बाई मुंगसापायी हितवर आली, पदर नाकाला लावून का असंना; हिला रिकामी कशी लावायची? म्हणून ह्यास्नी आत बोलावलं. म्हटलं सांगा तिला, कीर्तन सांगा म्हणावं. तेवढाच तिचाबी मान."

मी करंजाचा बुंधा धरला. सोळा दिवस मी या बाईला रुक्ष म्हणत होते.

मग मी मारुतीला विचारलं, "पण बुवांचं नाही हे ठाऊक होतं, तर सुरी का टाकलीत?"

"बुवांचं भोंग्यातनं येतंय, ताई. साऱ्या गावाला. कालचं एकच, माझ्याकडं त्वांड करून सांगितलेलं." त्यानं दोन्ही हात उलटे-सुलटे केले. बोटांवर जुने वण होते. "आन् हातांचं बोलला तुमी."

पिंजऱ्यात एक कोंबडा आरवला. मग हौसाबाई मऊ आवाजात म्हणाली, "ताई, आता काय तरी उलटं सांगा. तुमचं ऐकतोय त्यो."

माझ्या गळ्यात माळ. सुरी धर, असं माझ्या तोंडून कसं निघणार? आणि नको धरू म्हणावं, तर दीडशे कोंबड्या, ही बाई, आणि माझ्या घरच्या ओट्यावरचे ते दोघं. मी रामाचं नाव घेतलं. आणि एकदम मला सुचलं. रचलेलं नव्हे, अगदी खरं.

"मारुतीभाऊ, नेम कधी धरलात?"

"काल दुपारी."

"तिथी?"

"त्ये काय बघितलं न्हाई."

"मग हा नेम लागूच होत नाही! आषाढ सरत आलेला, अवस दारात. अशा वेळी कुणी नेम धरतं का? नेम धरायचा तो शुद्ध प्रतिपदेला. अंघोळ करून, देवापुढं सुपारी ठेवून, अमुक दिवस पाळीन असं बोलून. मोडत्या महिन्यात, सुपारीशिवाय धरलेला नेम म्हणजे नुसता विचार. चांगला विचार, पण नेम नाही."

मारुतीनं डोळे बारीक केले. "ह्येबी रचलेलं काय?"

"बुवांना विचारा!"

आम्ही तिघं देवळात गेलो. बुवा ओवरीत गळ्याला फडकं गुंडाळून बसलेले, पुढ्यात हळदीचं पाणी, मांडीवर पाटी. घसा बसल्यामुळं बोलणं पाटीवर. मी सगळं सांगितलं, मैनेपासून तव्यापर्यंत. बुवांचे खांदे हलत होते. हसत होते की खोकत होते कळेना. मग त्यांनी लिहिलं : 'बरोबर. नेम प्रतिपदेपासून.' मारुतीनं पाटीला नमस्कार केला. आम्ही वळलो, तर बुवांनी पाटी टकटक वाजवली. पुसून पुन्हा लिहिलं होतं : 'पाटलानं वाडा दिल्यावर पुढं?'

"अजून सुचलं नाही, बुवा," मी म्हणाले.

गटारीच्या दिवशी मारुतीनं नवा सुरा आणला आणि दीडशेच्या दीडशे गेल्या. दीडशे वजा सात, खरं तर. त्या सुटलेल्या सातांतल्या दोन आमच्या देवळाच्या आवारात पुढं वर्षभर होत्या आणि त्यांना कुणी हात लावला नाही. जय-विजयांना त्या दिवशी एवढं मिळालं की यांनी छापखान्यात जाताना पिशवी तीनदा झटकली.

प्रतिपदेला मारुतीनं देवापुढं सुपारी ठेवली, श्रावणभराचा नेम बोलला आणि संध्याकाळी पहिल्यांदा देवळात येऊन बसला. अगदी मागं, चपलांजवळ. मी माझा तिसरा खांब सोडला आणि त्याला हाताला धरून तिथं आणून बसवलं.

त्याच दिवशी सकाळची गोष्ट सांगायची राहिली. श्रावणात दुकान बंद, तर पुडी कुठली, असं म्हणत मी सवयीनं दहाला साकव ओलांडला. फळ्या उघड्या होत्या. पडदा एका बाजूला सारलेला. ओंडक्यामागं हौसाबाई उभी, पदर कमरेला.

"नेम त्यांचा हाय, माझा न्हाई," ती म्हणाली. "एखाददुसरं गिऱ्हाईक येतंय श्रावणातबी. दवाखान्यात कुणी असतंय, बाळंतीण असती. आन् तुमची ती दोघं." पुडी बांधलेली तयार होती. तिनं ती लगेच दिली नाही. हात फडक्याला पुसले.

"भोंगा मलाबी ऐकू येतोय, ताई. पर त्या दिशी तुमी त्यांच्याकडं त्वांड करून सांगितलं. आज माझ्याकडं करा."

मी करंज सोडला, पदर नाकावरून काढला आणि फळीपाशी जाऊन उभी राहिले.

दिवाळीत भाऊजी आले आणि आपली जनावरं ओळखेनात, इतकी ती गोल झाली होती. नागपूरला ती दोघं आणखी पाच वर्षं जगली. मारुतीनं पुढं दर श्रावण पाळला, आणि दर श्रावणात दुकान हौसाबाईनंच चालवलं. देवळात येऊन बसायला तिला कधी जमलं नाही. ती वेळ गिऱ्हाइकांची. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

तेव्हा एवढंच मागते. कधी कीर्तनाला बसलात, बुवांचा एखादा शब्द आत लागला आणि डोळे भरून आले, तर त्या वेळी क्षणभर हौसाबाईची आठवण काढा. तुम्हाला तिथं निवांत बसता यावं म्हणून कुठंतरी कुणी फळीमागं उभं असतं.